कामचा टका

नकाशा जुना आहे, घडीवर फाटलेला,
पाठीमागून वीजबिलाची पट्टी चिकटवलेला.
मी पट्टीच्या टोकानं वर जातो, मग उजवीकडे,
चीन ओलांडतो, जपान खाली सोडतो,
आणि आशियाच्या काठाला
कुणी मासा उलटा टांगून विसरून गेल्यासारखं
जिथे दिसतं, तिथे थांबतो.
"कामचाटका."

"कामचा टका!" मागच्या बाकावरून सुयोग.
"म्हंजे रोजी का, सर?"
वर्ग हसतो. मीही हसतो.
एप्रिलची सोळा तारीख, सकाळचे साडेसात,
टाकळीच्या या शाळेत पंखा
कालचीच हवा पुन्हा वाढतो आहे.

"तिथे आत्ता दुपारचे दोन वाजलेत,
आणि कमरेएवढा बर्फ आहे."
एप्रिलमधला बर्फ त्यांना ठाऊक आहे,
काडीला लागलेला, काला खट्टा घातलेला,
जीभ जांभळी करणारा.
"आणि त्या बर्फात उभे डोंगर
धूर सोडतात. त्यांच्या पोटात आग आहे."

क्षणभर कुणीच बोलत नाही.
मग सगळे एकदम:
अस्वल दार वाजवते का?
तिथं शाळेले उन्हाळ्याच्या सुट्या राहतात का?
डोंगर रात्री लाल दिसते का?
पोट्ट्यायच्या मायले भेव नाही वाटत?

"राहतात की माणसं," मी म्हणतो.
"मुलं दप्तर घेऊन शाळेत जातात.
कधी कधी राख पडते, मग छपरं झाडतात."
मुदस्सिर मान वर न करता बोलतो,
"आमच्या इथं बी पडते, सर. कोराडीची.
अम्मी दोरीवरचे कपडे झटकून आणते."
आणि खिडकीतून सगळे बघतात
उत्तरेला, त्या उंच चिमण्यांकडे,
जणू त्या आजच बांधल्या आहेत.

पण एक गोष्ट अडकलीच होती.
"बर्फ हाय त आग विझत कशी नाही?"
सुयोगचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर होतं,
पुस्तकातलं, तीन ओळींचं.
मी तोंड उघडणार, इतक्यात तक्षशीला उठली.
तिचे बाबा इतवारीत बर्फाच्या कारखान्यात
लाद्या ओढतात, आकड्यानं,
भुशात लोळवून गोणपाटात बांधतात.
"सर, बर्फानं हात भाजते.
बाबाच्या हाताले फोड येतात.
माय त्याले हळद लावते."
तिने तळहात उघडून दाखवला,
स्वतःचाच, कोरा,
जणू ते फोड तिथे वाचता येत होते.

मी ती तीन ओळींची व्याख्या
फळ्यावर लिहिली नाही.

मधल्या सुटीत त्यांना मैदानात नेलं,
पाण्याच्या टाकीमागचा काळा दगड दाखवला,
ज्यावर ते रोज डबे ठेवतात.
"हाही तसाच आला," म्हटलं, "वाहत, लाल,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. सीताबर्डीची टेकडीही."
साडेसहा कोटी कुणी मोजले नाहीत.
योगेश्वरी निखारेनं हात ठेवला
आणि पटकन मागे घेतला.
"अजून गरम हाय!"

दहा वाजले होते, एकेचाळीसचं ऊन.
"उन्हानं तापलाय तो," मी म्हणायला हवं होतं.
"नाही, आतून हाय," सुयोग म्हणाला,
आणि कान लावून बसला,
कान भाजेपर्यंत.

मग योगेश्वरीनं आपल्या बाटलीतलं
उरलेलं पाणी दगडावर ओतलं,
सगळी पोरं वाकली.
चर्र झालं नाही.
पण ते पाणी पसरलं, कडेनं आक्रसलं,
बघता बघता एका ठिपक्याएवढं झालं,
आणि घंटा झाली तरी
कुणी हललं नाही.